उधारीवर दिलेला मुलगा

२०२५च्या जानेवारीत माझ्या घरातला एक मुलगा उधारीवर दिला गेला.

मी अतिशयोक्ती करत नाहीये. लीगच्या वेबसाइटवर तीन ओळींची बातमी होती. अमुक फॉरवर्ड, वय १७, तमुक टीमकडे. बदल्यात एक डिफेन्समन, वय १८, आणि 'फ्युचर कन्सिडरेशन्स'. या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ असा, की उरलेली किंमत काय आणि कधी द्यायची ते मागाहून ठरवू. आमच्या मिरजेच्या बाजारात याला उधारी म्हणतात.

ती बातमी वेबसाइटवर आली त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तो सतरा वर्षांचा फॉरवर्ड आमच्या बेसमेंटमधल्या खोलीत केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसलेला होता. अडीच आठवड्यांनी त्याची बारावीच्या पहिल्या सेमिस्टरची परीक्षा होती.

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाची, त्याला न विचारता, भर हंगामात अदलाबदल करणं चूक आहे. हे इतकं उघड आहे की त्यावर लेख लिहायचीच लाज वाटते. पण हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या निम्म्यांनी 'बाईंना हॉकी कळत नाही' अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. म्हणून लिहिते आहे.

वार लावून जेवणारी मुलं

आम्ही कॅनडाच्या प्रेअरीत राहतो. सपाट जमीन, गहू, कॅनोला, आणि लांबवर धान्याचं उंच कोठार दिसलं की समजायचं गाव आलं. आमच्या गावाची वस्ती पाच-सहा हजार. मी इथल्या वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. नवरा शेतीच्या यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मुलगी नऊ वर्षांची. गावात मराठी घर आमचं एकच. गावाचं, क्लबचं आणि लीगचं नाव मी मुद्दाम देत नाही. एक तर त्या मुलाला त्रास नको. दुसरं म्हणजे हे एका क्लबचं पाप नाही, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे आपोआप सुटतात.

इथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच. 'आइस' हा शब्द कोणी लावत नाही, जसं आपण भाताला 'तांदळाचा भात' म्हणत नाही. ज्युनिअर हॉकी म्हणजे साधारण १६ ते २० वयाच्या मुलांची हॉकी, आणि तिच्यात पायऱ्या आहेत. सगळ्यात वर कॅनेडियन हॉकी लीगच्या छत्राखालच्या तीन लीग: पश्चिमेला डब्ल्यूएचएल, ऑंटारिओत ओएचएल, पूर्वेला क्यूएमजेएचएल. सगळ्या मिळून साठेक टीम. डब्ल्यूएचएलचे क्लब मुलांवर आपला हक्क सांगतात ते ज्या ड्राफ्टमध्ये, त्या ड्राफ्टच्या वेळी मुलं १४-१५ वर्षांची असतात. या तीन लीगच्या खाली प्रांतोप्रांतीच्या 'ज्युनिअर ए' लीग. आमच्या गावाची टीम या दुसऱ्या पायरीवरची.

सप्टेंबरपासून मार्चपर्यंत पन्नासच्या वर सामने. त्यांतले निम्मे बाहेरगावी, आणि काही गावं एका बाजूने सहा-सात तासांवर. रात्री दहाला सामना संपतो, मुलं बसमध्ये बसून पिझ्झा खातात, पहाटे चार-पाचला गावात उतरतात. शाळेत जाणाऱ्यांची शाळा साडेआठला असते.

मुलं येतात चारशे, आठशे, दीड हजार किलोमीटरवरून. त्यांच्यासाठी हॉस्टेल नसतं. गावातली घरं त्यांना ठेवून घेतात. याला 'बिलेट' म्हणतात. शब्द मूळचा सैन्यातला, सैनिकांना गावकऱ्यांच्या घरी उतरवायचे त्यावरून आलेला. क्लब महिन्याला काहीशे डॉलर देतो. हॉकी खेळणारा सतरा वर्षांचा मुलगा ते दूध, अंडी आणि चिकन यांतच संपवतो. पैशासाठी हे कोणी करत नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर हे समजावून सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. "म्हणजे वार लावलाय म्हण की," ती म्हणाली.

ज्यांनी हा शब्द ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी खेड्यातली गरीब मुलं शिकायला शहरात यायची तेव्हा आठवड्याचे सात वार सात घरी जेवायची. माझे आजोबा मिरजेत असेच शिकले. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी डॉक्टरांकडे, असं. काही घरी पानात तूप पडायचं, काही घरी ताक इतकं पातळ असायचं की त्यात आढं दिसायचं. शेवटपर्यंत त्यांना त्या सातही घरांची नावं पाठ होती.

आईने फोनवरच त्या मुलाचं नाव बंड्या ठेवलं, आणि मग आमच्याकडे तो बंड्याच झाला. आल्बर्टातल्या एका खेड्यातला. वडील तेलाच्या विहिरींवर, आई शाळेत मदतनीस. टीममध्ये तो तिसऱ्या-चौथ्या लाइनवर खेळायचा. गोल कमी, धडका जास्त. त्याच्या हॉकीच्या बॅगेला जो वास यायचा त्यासाठी मराठीत शब्द नाही, त्यामुळे ती गॅरेजात राहायची. वरण-भाताला तो 'यलो' म्हणायचा आणि वर लसणीची चटणी मागून घ्यायचा. माझी रात्रपाळी असली की उणे तीसमध्ये माझ्या गाडीचा ब्लॉक हीटर तोच आठवणीने लावायचा. मागच्या अंगणात पाणी ओतून त्याने आणि नवऱ्याने छोटी रिंक केली, आणि तिथे त्याने आमच्या मुलीला उलटं स्केटिंग शिकवलं.

आणि गाव? गाव या मुलांवर जीव टाकतं. मेन स्ट्रीटच्या दुकानांच्या काचांवर त्यांचे फोटो. डिसेंबरात एका सामन्यात आपल्या टीमचा पहिला गोल झाला की प्रेक्षक हजारो टेडी बेअर बर्फावर फेकतात, ते मग गरजू मुलांना वाटतात. त्या वर्षी तो गोल बंड्याचा होता. आठवडाभर त्याला कॅफेत कॉफीचे पैसे द्यावे लागले नाहीत.

या प्रेमाबद्दल मला शंका नाही. ६ एप्रिल २०१८ला सस्कॅचेवानमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोज या ज्युनिअर टीमची बस प्लेऑफचा सामना खेळायला निपाविनला चालली होती. एका चौकात ट्रकचालकाने स्टॉपची पाटी ओलांडली. बसमध्ये २९ जण होते. १६ गेले, १३ जखमी झाले. चालक भारतातून आलेला तरुण होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्या आठवड्यात देशभर लोकांनी घराबाहेर हॉकी स्टिक उभ्या करून ठेवल्या होत्या. आमच्या केअर होममधल्या आजी आजही टीम बाहेरगावी निघाली की मला विचारतात, रस्ते कसे आहेत गं आज?

हे प्रेम खोटं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. गाव ज्या मुलांना 'आमची मुलं' म्हणतं त्यांना जानेवारीत माल म्हणून वागवायला त्याच गावाची हरकत नसते, यावर माझा राग आहे.

दहा जानेवारी

ज्युनिअर ए हॉकीत हंगामातल्या अदलाबदलीची शेवटची तारीख १० जानेवारी असते. त्याआधीचे आठ-दहा दिवस रिंकवर सगळे हळू आवाजात बोलतात. मुलं फोन उलटा ठेवून जेवतात. मला वाटलं परीक्षेचं टेन्शन असेल.

बुधवार, ८ जानेवारी. रात्री आठच्या सुमाराला बंड्याचा फोन वाजला. बोलणं चार मिनिटांत संपलं. तो वर आला, फ्रिजला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मला ट्रेड केलं." ताप आलाय म्हणून सांगावं तसं. नवं गाव साडेपाच तासांवर. उद्या दुपारी तिथे प्रॅक्टिस.

त्याने आईला फोन लावला. आई रडत होती, तो तिला समजावत होता. कपडे दोन काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरले, कारण सुटकेस त्याने ख्रिसमसला घरी नेली होती आणि तिथेच ठेवून आला होता. केमिस्ट्रीचं पुस्तक शाळेचं होतं, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिलं. सकाळी सहाला तो निघाला. डब्यात मी थालीपिठं दिली.

मुलगी उठल्यावर तिने विचारलं, "त्याने काय चूक केली?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याने काहीच चूक केली नव्हती. प्लेऑफसाठी टीमला एक दांडगा डिफेन्समन हवा होता आणि तो देणाऱ्या टीमला एक कष्टाळू फॉरवर्ड हवा होता, एवढंच झालं होतं.

क्लबच्या माणसाला मी फोन केला. चांगला माणूस आहे. शांतपणे बोलला. शेवटी म्हणाला, "वाईट वाटतं, पण हा धंद्याचा भाग आहे." आणि मग जरा अडखळत, "तुमची खोली आता रिकामी आहे, तर नवीन मुलगा शुक्रवारी रात्री येतोय..."

मी चादर बदलली आणि नवीन मुलाला घेतलं. बाहेर उणे चौतीस होतं आणि त्यात त्या पोराचा काय दोष? अठरा वर्षांचा, सहा फूट दोन इंच. पहिल्या रात्री तो बाथरूमचा नळ सोडून रडत होता, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या घरांतून या घरात मुलं फिरवण्याची ही यंत्रणा चालते ती माझ्यासारख्या बायका चादरी बदलतात म्हणून. हे मला त्या रात्री कळलं आणि अजून ते मला सोडत नाही.

'तुम्हाला हॉकी कळत नाही'

कबूल, नाही कळत. ऑफसाइड मला अजून नीट सांगता येत नाही. पण यानंतर मी जो जो युक्तिवाद ऐकला तो समजायला हॉकी कळावी लागत नाही.

पहिला: 'हा धंद्याचा भाग आहे.' ठीक आहे. मग धंद्याचे नियम लावू या. २०१४मध्ये मोठ्या ज्युनिअर लीगच्या माजी खेळाडूंनी कोर्टात दावा लावला की आम्ही कामगार होतो, आम्हाला किमान वेतन मिळायला हवं होतं. त्यावर लीगवाल्यांचं म्हणणं काय होतं? ही मुलं कामगार नाहीत, ते हौशी विद्यार्थी-खेळाडू आहेत. सरकारांनी ते मानलं. ब्रिटिश कोलंबियाने २०१६मध्ये आणि ऑंटारिओने २०१८मध्ये मोठ्या ज्युनिअरच्या खेळाडूंना किमान वेतनासारख्या कामगार नियमांतून वगळलं.

म्हणजे पगार मागितला की मुलगा विद्यार्थी, आणि डिफेन्समन हवा झाला की तोच मुलगा धंद्याचा भाग. दोन्ही एकदम कसं चालेल? कामगार असेल तर पगार द्या. विद्यार्थी असेल तर परीक्षेला बसू द्या.

दुसरा: 'ट्रेडिंग ही खेळाची परंपरा आहे.' आहे ना. त्या परंपरेतली एक गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे आणि सगळे ती हसत हसत सांगतात. १९८३मध्ये सिएटल ब्रेकर्सनी टॉम मार्टिन नावाच्या खेळाडूचे हक्क व्हिक्टोरिया कुगर्सना दिले. बदल्यात काय घेतलं? एक वापरलेली बस. मार्टिन पुढे एनएचएलमध्येही खेळला, त्यामुळे गोष्ट गोड झाली. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकून हसले होते. आता हसू येत नाही. आपल्याकडे बैलबाजारात दोन व्यापारी अंगावरच्या उपरण्याखाली हातात हात घालून, बोटं दाबून भाव ठरवतात. तिथे निदान बैल समोर उभा असतो.

तिसरा, आणि हा सगळ्यांत जास्त ऐकलेला: 'त्याने सही केली होती ना? आईबापांनी केली होती ना?' केली होती. सोळाव्या-सतराव्या वर्षी, स्वप्नाच्या दारात उभं असताना, दुसरा कोणताही कागद पुढे नसताना केली होती. आता वरच्या टोकाला काय आहे बघा. एनएचएलमध्ये खेळाडू २७ वर्षांचा झाला किंवा त्याचे सात हंगाम झाले की त्याला करारात 'नो-ट्रेड' कलम मागता येतं. म्हणजे माझ्या परवानगीशिवाय मला कुठे पाठवायचं नाही. मोठ्या ज्युनिअरमध्येही काही नावाजलेल्या मुलांना असं संरक्षण मिळतं. ज्याच्याकडे कोट्यवधी डॉलर, एजंट आणि वकील आहेत त्याला विचारायचं, आणि ज्याच्याकडे कचऱ्याच्या दोन पिशव्या आहेत त्याला चार मिनिटांत कळवायचं.

दुसऱ्या खेळांत असं नाही. फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली, मोजके अपवाद सोडले तर, बंद आहे. आणि करार चालू असलेला फुटबॉलपटू स्वतः हो म्हटल्याशिवाय नव्या क्लबकडे जात नाही. फुटबॉल काही संतांचा खेळ नाही. मुलांच्या व्यापाराने तिथे इतकी लाज आणली की त्यांना नियम करावे लागले.

चौथा: 'छोटे क्लब मरतील.' हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेते, कारण हा क्लब कोणा शेठजीचा नाही. गावाचा आहे. लॉटरीची तिकिटं, बिंगो, स्टेक-डिनर, अर्ध्या गायीच्या मांसाची सोडत, यांवर तो चालतो. सामन्याच्या वेळी तिकिटं फाडणारे निवृत्त शेतकरी फुकट काम करतात. त्यात हवाही बदलते आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या एनसीएएने ठरवलं की मोठ्या ज्युनिअरमध्ये खेळलेली मुलंही ऑगस्ट २०२५पासून डिव्हिजन वनच्या कॉलेज टीमकडून खेळू शकतील. आधी ते दार बंद होतं, आणि कॉलेज हॉकीचं स्वप्न असलेली मुलं म्हणूनच आमच्यासारख्या लीगमध्ये यायची. आता खालच्या क्लबांची ओढाताण वाढली.

हे सगळं मान्य. पण नियम लीगमधल्या सगळ्या टीमना सारखाच लागू झाला तर कोणाचं काय बिघडतं? सगळ्यांनाच हंगामाच्या मध्यात पोरं फिरवता येणार नाहीत. ज्यांनी सप्टेंबरात टीम नीट बांधली ते जिंकतील. आणि प्लेऑफसाठी मुलांची परीक्षा बुडवावीच लागत असेल, तर गावाने स्वतःला विचारावं की आपण नेमकं काय जिवंत ठेवतो आहोत.

पाचवा: 'यातूनच मुलं घट्ट होतात.' हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. लातुरात नीटच्या क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या, कोट्यात मेसचं जेवण न जेवता झोपणाऱ्या मुलांबद्दल आपण हेच म्हणतो. जी टिकली ती भाषणं देतात, जी मोडली ती घरी जाऊन गप्प बसतात. मग आपण म्हणतो, बघा, त्रासाने माणूस घडतो.

भारतातल्या वाचकांनी इथे फार निर्धास्त होऊ नये. नोव्हेंबर २०२४मध्ये आयपीएलच्या लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सने १ कोटी १० लाखांना घेतलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. नवऱ्याने कौतुकाने फोनवरची बातमी बंड्याला दाखवली. त्याने वय वाचलं, आकडा वाचला आणि विचारलं, "त्याला विचारलं का, कोणाकडे जायचंय?" आम्ही हसलो. लिलावात कुठे असं विचारतात, नवरा म्हणाला. दीड महिन्याने तो प्रश्न मला पुन्हा आठवला. त्या मुलाला निदान कोटभर रुपये आणि जगभरच्या टाळ्या मिळाल्या, आणि त्याने पुढे धावाही काढल्या. बंड्याला मिळाला पेट्रोलचा खर्च.

आता माझ्या बाजूला न शोभणारी गोष्टही सांगते. बंड्या बरा आहे. नव्या टीममध्ये त्याला जास्त वेळ खेळायला मिळालं, तिथलं घरही चांगलं होतं. नव्या गावातल्या शाळेत केमिस्ट्री त्या सेमिस्टरला नव्हतंच, तो विषय त्याने उन्हाळ्यात ऑनलाइन पूर्ण केला. जगबुडी झाली नाही. काही मुलं तर स्वतःहून ट्रेड मागतात, कारण इथे त्यांना कोच बाकावर बसवून ठेवतो. अशा मुलांना अडवावं असं मी म्हणत नाही. त्यांना जाऊ द्या. पण जाणारा मुलगा 'जातो' म्हणाला पाहिजे. मी मागते आहे ती फक्त त्याची सही.

आजोबांच्या सात घरांत प्रेमळ लोक होते, कंजूष लोक होते, जातीपातीचे नखरे करणारेही होते. जेवणाआधी बादलीभर पाणी भरून घेणारेही होते. पण परीक्षेच्या तोंडावर 'तुला आम्ही सांगलीला दिलाय, बदल्यात तिथला एक पोरगा घेतोय' असं त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावात त्या घराला तोंड दाखवायला जागा उरली नसती. इथे ती बातमी वेबसाइटवर लागते आणि खाली लोक अंगठे देतात.

ठराव

क्लब गावाचा आहे याचा एक फायदा असतो. सभासद झालं की वार्षिक सभेत ठराव मांडता येतो. मी वीस डॉलर भरून सभासद झाले.

जूनमध्ये रिंकच्या वरच्या हॉलमध्ये सभा झाली. कॉफी, डोनट, पस्तीस-चाळीस माणसं. माझा ठराव चार ओळींचा होता. १८ वर्षांखालच्या, शाळेत शिकणाऱ्या खेळाडूची शालेय सत्र चालू असताना अदलाबदल करायची असेल तर त्याची आणि त्याच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. संमती देण्याआधी त्याला पूर्ण ७२ तास मिळावेत. परीक्षा तोंडावर असेल तर ती होईपर्यंत त्याला हलवू नये. आणि आपल्या क्लबने लीगच्या बैठकीत हाच नियम सगळ्यांसाठी मांडावा. उन्हाळ्यात काय करायचं ते करा.

अनुमोदक लागतो. मी इकडेतिकडे बघितलं, बराच वेळ कोणी हात वर केला नाही. मग मागून आवाज आला. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, शेतावर राहतात, आजवर बावीस मुलं त्यांच्या घरात राहून गेली. त्यांच्या फ्रिजवर सगळ्यांचे फोटो आहेत, लग्नांचे, बाळांचे. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बावीसपैकी सहा जण जानेवारीत गेले. एकाचा निरोपही घेता आला नाही, मी शहरात दाताच्या डॉक्टरकडे गेले होते." आणि खाली बसल्या.

चर्चा झाली. एक जण म्हणाला, एकट्या आपल्या क्लबने हात बांधून घ्यायचे का? दुसरा म्हणाला, लीग ऐकणार नाही. तिसऱ्याने अगदी नम्रपणे विचारलं, तुमच्या देशात मुलांच्या खेळाचं कसं असतं? मी सांगितलं, आमच्याकडेही बरंच चुकतं, म्हणून तर मला लगेच ओळखू आलं.

नियम बदलत नाहीत असं नाही. हम्बोल्टच्या अपघातानंतर सस्कॅचेवानमध्ये वर्षभराच्या आत मोठे ट्रक चालवण्याचा परवाना हवा असणाऱ्यांना १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्याआधी तिथे तसं बंधन नव्हतं, आणि ते नाही याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. मी सभेत हे सांगितलं तेव्हा हॉल शांत झाला. नंतर मला वाटलं, सांगायला नको होतं. सोळा जिवांशी एका मुलाच्या केमिस्ट्रीच्या पेपरची तुलना होत नाही. पण नियम करायला दर वेळी कोणी मरायलाच हवं का, एवढंच मला विचारायचं होतं.

मतदान हात वर करून झालं. बाजूने चौदा, विरोधात तेवीस. सभेनंतर विरोधात मत दिलेल्यांपैकी दोघांनी माझ्या गाडीपर्यंत येऊन सांगितलं की मनातून पटतं, पण.

ऑगस्टमध्ये क्लबचा फोन आला. यंदा एक मुलगा घ्याल का? नवरा म्हणाला, नको म्हण, तुझ्या बोलण्याला वजन येईल. मी दोन दिवस विचार केला. मी नाही म्हटलं तर खोली रिकामी राहील आणि त्या मुलाला गावाबाहेरचं घर मिळेल, वीस किलोमीटर बर्फातून रोज शाळेत यायला. त्याने क्लबला काही फरक पडणार नाही. मी हो म्हटलं. सोबत एक पत्र दिलं, ठरावातल्या त्याच चार ओळींचं. त्यांनी ते घेतलं, सही केली नाही.

आता बेसमेंटमध्ये सोळा वर्षांचा गोली आहे. 'यलो' त्याला आवडत नाही, पोळी आवडते. त्याला मी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलंय की जानेवारीत तसा फोन आला तर लगेच 'हो' म्हणायचं नाही. 'आईशी बोलून सांगतो' म्हणायचं आणि आधी वर यायचं.

पुढच्या जूनमध्ये तोच ठराव पुन्हा मांडणार आहे. गाडीपर्यंत आलेल्या त्या दोघांपैकी एकाने परवा पेट्रोल पंपावर मला थांबवलं आणि अनुमोदन देतो म्हणाला. तेवीसातला एक कमी करून चौदात घातला की पंधरा होतात. अजून चार हात हवेत.